सही आणि कागद

गेल्या पावसाळ्यात माझा एक चेक परत आला. खात्यात पैसे होते, तारीख बरोबर होती, अक्षरी रक्कम आणि अंकी रक्कम यांच्यात मतभेद नव्हते. तरी परत आला. कारण लिहिलं होतं, 'सही जुळत नाही.'

दुसऱ्या कुणाचा आला असता तर मला हसू आलं असतं. पण त्या बँकेत मी स्वतः ३१ वर्षं काढली आहेत. (बँकेचं नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते.) त्यातली ११ वर्षं माझं काम एकच होतं. चेकवरची सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून बघायची आणि पटली नाही तर चेक परत धाडायचा. भल्याभल्यांचे धाडले. एका वधूपित्याने मंडपवाल्याला दिलेला चेक ऐन लग्नाच्या आठवड्यात परत धाडला, तर त्या गृहस्थांनी पुढे दोन वर्षं मला रस्त्यात ओळख दिली नाही. त्या सगळ्यांचे तळतळाट व्याजासह माझ्या खात्यात जमा झाले म्हणायचे.

काउंटरवरची मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने माझी जुनी सही पडद्यावर काढून दाखवली. "काका, बघा ना. तेव्हा तुमच्या 'कु'ची शेपटी कशी ऐटीत खाली गेलीय. आता ती वळतच नाही." नोकरीत नुकत्याच कायम झालेल्या पंचविशीतल्या पोराची सही होती ती. खाली आडवी रेघ, रेघेखाली दोन ठिपके. मी बँकेचा चेअरमन होणार याबद्दल त्या ठिपक्यांना तरी शंका नव्हती. चेकवरची सही मात्र मीटर वाचायला येणारा माणूस घाईत ओढतो तसला फराटा. "वयानुसार बदलते हो काका सही," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. हेच वाक्य मी ११ वर्षं म्हाताऱ्या खातेदारांना ऐकवत आलो होतो.

त्या रात्री नातू टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत बसला होता. कुणीतरी उजव्या बाजूने आला, आत वळला, डाव्या पायाने गोल मारला, आणि नातू ओरडला, "सिग्नेचर मूव्ह!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे आजोबा, ती त्याची सही. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. न बघता ओळखता येते."

जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. मला माझी सही हाताने जुळवता येईना, आणि हे लोक पायाने सही करतात नि जगभर ती वटते!

पण नातवाला वाटतं तशी ही गोष्ट मला नवीन नाही. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीतली पोरं सकाळी लाल मातीत आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं तालमींची आणि फुटबॉल संघांचीही. त्यामुळे मातीतला एक शब्द आमच्या मैदानात आपसूक आला होता. हुकमी डाव. एखाद्या पैलवानाचा ढाक हुकमी, एखाद्याचा घिस्सा हुकमी. हुकमी म्हणजे गुप्त नव्हे. त्याचा ढाक हुकमी आहे हे समोरच्या पैलवानाला माहीत असतं, त्याच्या वस्तादाला माहीत असतं, बत्ताशे विकणाऱ्याला माहीत असतं. तरी तो ढाकेवरच चितपट होतो. जो डाव न कळल्यामुळे लागतो तो एकदाच लागतो. जो कळूनही लागतो तो हुकमी.

मी स्वतः बॅक खेळायचो. बॅक म्हणजे ज्याच्याकडे लोकांचं लक्ष तो चुकल्यावरच जातं असा मनुष्य. तेव्हा पुढे जो इतिहास सांगतो आहे तो जरा बॅकच्या बाजूने सांगितला गेला तर चालवून घ्या.

या सह्यांतली सगळ्यात जुनी भानगड सायकल किकची. पाठ जमिनीकडे, पाय आभाळाकडे आणि चेंडू डोक्यावरून मागे. ही सही पहिल्यांदा कोणी केली यावर दक्षिण अमेरिकेत अजून वाद आहे. चिलीवाले म्हणतात, रामोन उन्झागा नावाच्या आमच्या खेळाडूने १९१४ साली ताल्काहुआनो बंदरात केली, म्हणून तिचं नाव 'चिलेना'. पेरूवाले म्हणतात, हॅट्, आमच्या कायाओ बंदरातली पोरं त्याच्याही आधीपासून करत होती, तिचं नाव 'चालाका'. मिसळीवरून कोल्हापूर आणि पुणे यांचं जे चालतं तेच. फरक एवढाच की मिसळ खाताना डोक्यावर पडायची भीती नसते.

१९२७ साली चिलीच्या कोलो-कोलो क्लबाचा कप्तान डाव्हिड आरेयानो याने हा डाव युरोपच्या दौऱ्यात नेला. स्पेनमध्ये व्हायादोलिदच्या सामन्यात एका टकरीत त्याच्या पोटाला मार बसला आणि त्यातच तो गेला. वय पंचविशीच्या आतबाहेर. कोलो-कोलोच्या शर्टावर बोधचिन्हाच्या वर एक काळी पट्टी असते, ती त्याच्या दुखवट्याची. दुखवटा शंभर वर्षं पाळणारा क्लब म्हणजे कमालच. आमच्याकडे तेराव्याला जेवणं झाली की वाटणीची बोलणी सुरू होतात.

पुढे ब्राझीलच्या लिओनिदासने सायकल किक इतकी गाजवली की ती त्याचीच वाटू लागली. १९३८ च्या विश्वचषकात सर्वांत जास्त, म्हणजे ७ गोल त्याचे. त्याचं टोपणनाव 'काळा हिरा', आणि त्या नावाचं चॉकलेट ब्राझीलमध्ये निघालं ते अजून खपतं. म्हणजे डाव एकाचा की दुसऱ्याचा यावर दोन देश भांडत बसले आणि चॉकलेट तिसऱ्याच्या नावाने निघालं.

तिकडे इंग्लंडात स्टॅन्ली मॅथ्यूज होता. याचे वडील न्हावी आणि मुष्टियोद्धे, दोन्ही. एकाच माणसाच्या हातात वस्तरा आणि ठोसा असल्यावर गिऱ्हाईक मान किती स्थिर ठेवत असेल! मुलाचा डाव मात्र अहिंसक. उजव्या बाजूने चेंडू घेऊन हळूच बॅकच्या समोर यायचं, कमरेतून डावीकडे झुकायचं, बॅक तिकडे कलला की उजवीकडून निघून जायचं. संपला डाव. यात कळायला अवघड असं काही नाही. पण इंग्लंडातले बॅक दर शनिवारी डावीकडे कलत राहिले. १९५३ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल १-३ असं मागे होतं. मॅथ्यूजने उजवी बाजू अशी काही उघडली की ब्लॅकपूल ४-३ ने जिंकलं. तेव्हा त्याचं वय ३८. १९६५ साली पन्नाशी पूर्ण झाल्यावर तो पहिल्या विभागात शेवटचा सामना खेळला. पन्नासाव्या वर्षी मी बँकेच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून खालचं दृश्य बघायचो.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही बॅक होता ना, मग सांगा, माहीत असून फसतात कसे? सांगतो. समोरचा कुठे जाणार हे माहीत असतं. कधी जाणार हे माहीत नसतं. तो नुसता उभा राहतो. खांदा हलवतो. आपल्या डोक्याला ठाऊक असतं की ही थाप आहे, पण पाय डोक्याला विचारायला थांबत नाहीत. एकदा का आपला भार एका पायावर गेला की तो काढून दुसऱ्यावर आणायला जो क्षण लागतो, त्या क्षणात तो माणूस निघून गेलेला असतो. आमचे वस्ताद बाहेरून ओरडायचे, "मर्दा, त्याच्या अंगाकडं बघू नकोस, बॉलकडं बघ!" वस्तादांचं बरोबर होतं. त्यांना स्वतःला बाकावरून उठायचं नव्हतं एवढंच.

ही थाप सगळ्यात सुंदर मारली ती ब्राझीलच्या गारिंचाने. गारिंचा हे एका चिमुकल्या पाखराचं नाव. कापडगिरणीच्या गावात वाढलेला पोर. उजवा पाय आत वळलेला, डावा बाहेर वळलेला, शिवाय एक पाय दुसऱ्याहून काही सेंटिमीटर आखूड. असले पाय घेऊन माणूस रांगेत उभा राहिला तर आपण त्याला आपली जागा देऊ. १९५३ साली हा रिओच्या बोताफोगो क्लबात चाचणीला आला. समोर बॅक होता निल्टन सांतोस, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला. असं सांगतात की त्या वाकड्या पायांच्या पोराने निल्टन सांतोसच्या पायांतून चेंडू काढला आणि पलीकडे जाऊन घेतला.

याहून मोठा अपमान बॅकच्या आयुष्यात नाही. मी असतो तर म्हणालो असतो, ऊन डोळ्यावर होतं. निल्टन सांतोसने काय करावं? तो क्लबाच्या लोकांकडे गेला आणि म्हणाला, याला घ्या. उद्या हा दुसऱ्या क्लबातून माझ्यासमोर यायला नको. पुढे १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक ब्राझीलने जिंकले, दोन्ही वेळा हे दोघं एकाच संघात होते.

गारिंचाचा डाव मॅथ्यूजचाच. थांबायचं, डावीकडे डुलायचं, उजवीकडे पळायचं. पण हा एकदा बॅकला चकवून समाधानी नसे. कधीकधी थांबून त्याला पुन्हा समोर येऊ द्यायचा आणि पुन्हा चकवायचा. आपल्यासमोरच्या प्रत्येक बॅकला तो म्हणे 'ज्वाव' म्हणायचा. ज्वाव म्हणजे आपल्याकडचा गणपत. इंग्लंडचा असो, रशियाचा असो, सगळे गणपतच. पेले आणि गारिंचा दोघंही मैदानात असताना ब्राझील एकही सामना हरलं नाही. मैदानाबाहेर मात्र गारिंचाला एकाच गोष्टीने चकवलं, दारूने. तिचाही डाव सगळ्यांना माहीत असतो. ४९ वर्षांचा असताना, १९८३ साली तो गेला.

त्याच संघातल्या दिदीची सही हवेत व्हायची. फ्री किक अशी मारायचा की चेंडू भिंतीवरून वर जायचा आणि मग मध्येच विचार बदलल्यासारखा खाली पडायचा. तिचं नाव ठेवलं 'सुकलेलं पान'. १९५७ साली पेरूविरुद्ध याच पानाने ब्राझीलला १-० असं जिंकून विश्वचषकात नेलं. त्या दिवशी ते पान जरा वाऱ्याने उडालं असतं तर पुढच्या वर्षी सतरा वर्षांचा पेले जगाला दिसला नसता.

बँकेतल्या माणसाला खटकणारी गोष्ट रिव्हेलिनोची. १९७० चा विश्वचषक जिंकलेला हा मिशाळ खेळाडू. पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू एकीकडे ढकलायचा आणि बॅक तिकडे झेपावतो न झेपावतो तोच त्याच पायाच्या आतल्या कडेने उलट्या बाजूला ओढायचा. चेंडू पायाला रबराने बांधल्यासारखा, म्हणून नाव 'एलास्तिको'. सही रिव्हेलिनोची म्हणून जग ओळखतं. पण त्याने स्वतः सांगून टाकलं की ही आपली नव्हे. कोरिंथियन्स क्लबात त्याच्याबरोबर सर्जिओ एचिगो नावाचा, जपानी आईबापांच्या पोटी ब्राझीलमध्ये जन्मलेला मुलगा होता, त्याच्याकडून शिकलो. एकतीस वर्षांत असा एकही खातेदार मला भेटला नाही, जो स्वतः काउंटरवर येऊन म्हणाला, साहेब, ही सही माझी नव्हे, शेजाऱ्याची आहे, पण मला जमते बरी.

आता १९७४ साल. जून महिन्याची १९ तारीख, पश्चिम जर्मनीतलं डॉर्टमुंड, हॉलंड विरुद्ध स्वीडन. हॉलंडचा योहान क्रॉयफ डाव्या बाजूला, गोलकडे पाठ करून. मागे अगदी चिकटून स्वीडनचा यान ओल्सॉन. क्रॉयफने उजवा पाय असा उचलला की आता चेंडू लांब मारणार. ओल्सॉन अडवायला सरकला. क्रॉयफने त्याच पायाने चेंडू स्वतःच्या डाव्या पायाच्या मागून ओढून घेतला आणि गर्रकन उलटा फिरून निघून गेला. ओल्सॉन ज्या दिशेला गेला तिथे स्वीडनची गर्दी सोडून काही नव्हतं. आम्हाला तेव्हा हे बघायला मिळालं नाही. कोल्हापुरात टीव्ही कुठला? किती वर्षांनी नातवाच्या मोबाईलवर पाहिलं आणि मी एकटाच बॅकच्या बाजूने हळहळलो.

गंमत अशी की त्या वळणातून गोल झाला नाही. सामना ०-० सुटला. निकालाच्या वहीत त्या वळणाची नोंद नाही. तरी आज जगातल्या कुठल्याही मैदानावर दहा वर्षांचं पोर ते वळण घेतं आणि त्याला क्रॉयफचं नाव माहीत असतं. क्रॉयफ म्हणायचा, मी त्याचा सराव कधी केला नव्हता, त्या क्षणी सुचलं.

याच्या अगदी उलट अँतोनिन पॅनेन्का. हा चेकोस्लोव्हाकियाचा. हा प्रागमधल्या आपल्या बोहेमियन्स क्लबात सराव संपल्यावर गोलकीपर ह्रुश्का याच्याबरोबर थांबायचा. पेनल्टीवर पैज. चॉकलेट नाहीतर बिअर. ह्रुश्का चांगला गोलकीपर असल्यामुळे पॅनेन्का सारखा हरायचा. मग घरी पडल्यापडल्या त्याने विचार केला. गोलकीपर थांबत नाही. चेंडू मारायच्या क्षणाला तो कुठल्यातरी बाजूला उडी मारतोच. म्हणजे मधली जागा रिकामी. तिथे जोरात मारला तर पायाला लागून अडेल, पण हळूच उचलून टाकला तर हवेत गेलेल्या माणसाला परत येता येत नाही. झालं, पैजा जिंकू लागला. चॉकलेटं आणि बिअर पोटात जाऊन वजन मात्र वाढलं.

२० जून १९७६, बेलग्रेड, युरोपच्या स्पर्धेचा अंतिम सामना. समोर विश्वविजेते पश्चिम जर्मनी. सामना २-२, निकाल पेनल्टीवर. जर्मनीच्या उली होनेसने चेंडू गोलच्या वरून आभाळात धाडला. आता पॅनेन्काने मारला की कप. गोलमध्ये सेप मायर, जगातला नावाजलेला गोलकीपर. पॅनेन्का धावत आला, मायरने एका बाजूला उडी घेतली, आणि आपण झोपलेल्या बाळावर पांघरूण टाकतो तितक्या हलक्या पायाने पॅनेन्काने चेंडू मधोमध टाकला. क्षणभर विचार करा, मायर जागचा हलला नसता तर? चेंडू त्याच्या हातात अलगद पडला असता आणि हा माणूस आयुष्यभर देशाचा विदूषक झाला असता. दोन वर्षांच्या सरावाने त्याला चेंडू कसा उचलायचा ते शिकवलं असेल. पण चूक झाली तर हसं होईल, आणि होऊ दे, हे कुठल्या सरावाने येतं ते मला माहीत नाही. मला तर नावापुढच्या रेघेखाली दोन ठिपके देण्याचंही धैर्य पुढे उरलं नाही.

बँकेत दुसऱ्याची सही केली तर तुरुंग. फुटबॉलात केली तर टाळ्या, अर्थात वटली तर. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने पॅनेन्काची सही केली, ती आडव्या दांड्याला आपटून कशीबशी आत गेली. इंग्लंडच्या गॅरी लिनेकरने १९९२ साली ब्राझीलविरुद्ध केली, ती मात्र परत आली. बॉबी चार्लटनच्या ४९ गोलांची बरोबरी त्या एका पेनल्टीवर होती. लिनेकर ४८ वरच राहिला. सही जुळली नाही.

पण हे सगळं आठवताना मला सारखं वाटत होतं की सही करायला कागद लागतो. ओल्सॉन नसता तर क्रॉयफ डॉर्टमुंडच्या कोपऱ्यात एकटाच गिरकी घेऊन वेड्यासारखा दिसला असता. आणि हा ओल्सॉन पुढे लोकांना काय सांगत आला? आपल्याला त्याची लाज वाटत नाही. तो क्षण आपल्या कारकिर्दीतला अभिमानाचा आहे, तिथे आपण होतो. निल्टन सांतोसचीच ही दुसरी आवृत्ती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतला एक डावखुरा पोरगा आठवला.

त्याचा हुकमी डाव होता. चेंडूवर पाय ठेवून तो थांबायचा, आभाळाकडे बघायचा, आणि आपणही वर बघितलं की निघून जायचा. चार वर्षं मी वर बघितलं. शाहू स्टेडियमवर भर सामन्यात बघितलं आणि गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "काय आण्णा, पतंग दिसला काय?" ते 'पतंग' नाव मला नोकरी लागेपर्यंत चिकटलं होतं. मनात अढी होती. पन्नास वर्षं ती मी काही कारण नसताना सांभाळली.

चेक परत आल्याच्या चार दिवसांनी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. गुडघ्याला पट्टा बांधून दारात बसला होता. चहा झाल्यावर विचारलं, "खरं सांग, तो डाव तुला जमायचा कसा?"

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "आरं, कुठला जमायचा? सतरा जणांवर टाकून बघितला. एक गडी वर बघायला तयार न्हवता. तू तेवढा बघायचास. तू होतास म्हणून मर्दा माझं नाव झालं."

परत येताना बँकेत गेलो. त्या मुलीने नवीन कार्ड पुढे केलं. म्हणाली, "काका, तीन वेळा करा, एकसारख्या." मी तीन केल्या. तिन्ही वेगळ्या आल्या. शेपटी एकीचीही वळली नाही. पण तिसरीखाली मी सावकाश एक रेघ ओढली आणि तिच्याखाली दोन ठिपके दिले.